जिथं फक्की तिथं देव

निवडणुकीत पडलेल्या माणसाकडं लोक मयतीला आल्यासारखे येतात. चपला बाहेर काढतात, खाली बघत बसतात, बराच वेळ काही बोलत नाहीत आणि मग एकजण घसा साफ करून म्हणतो, "व्हायचं ते झालं." चहा नको म्हणतात, मग घेतात. फरक एवढाच, की मयतीला येणाऱ्यांनी मेलेल्याला मारलेलं नसतं. माझ्याकडं आलेल्या निम्म्या लोकांनी मला स्वतःच्या बोटानं मारलं होतं आणि बोटावरची शाई अजून गेली नव्हती.

गावाचं नाव लिहीत नाही. घनसावंगीहून कुंभार पिंपळगावकडं जाताना मधी एक फाटा लागतो, एवढं पुरे. मला अजून त्याच गावात राहायचंय आणि माझं झेरॉक्सचं दुकान तिथंच आहे. ज्यांना राग यायचा त्यांना नावाशिवायही येईल.

माझ्या शेजारी शिवाजीमामाचं बी-बियाण्याचं दुकान आहे. सल्ला द्यायचा तर तो फुकट आणि भरपूर द्यायचा, हे या माणसाचं ब्रीद. बियाण्यात तो एवढा मोकळा हात ठेवत नाही. मामा म्हणाला, "बद्री, आता राजकारण सोड. तुझा सभाव न्हाई त्याचा. तू खरं बोलतो."

"मग खोटं बोलू?"

"तसं न्हाई. खरं बोलावं, पण निवडून आल्यावर. आधी कशाला?"

मी ठरवूनच टाकलं होतं. ग्रामपंचायत गेली खड्ड्यात, म्हणजे ती आधीपासून तिथंच आहे. आपण आपलं दुकान, आपल्या झेरॉक्स, आपलं जेवण. लोकांना मटण खाऊन मत द्यायचंय, देऊ दे. तुंबलेल्या नालीत त्यांनी स्वतःचं तोंड बघावं.

हा निश्चय बाजाराच्या दिवसापर्यंत टिकला.

आमचा आठवडी बाजार मोठा. त्या दिवशी वाटूरहून रहिमुन्निसाआपा जीपनं येते, बांगड्यांची पाटी घेऊन. तिनं पाटी माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकवली आणि विचारलं, "बद्रीभाऊ, बाथरूमचं कुठवर आलं?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. प्रचारात बाजाराच्या मधोमध उभा राहून मी माईकवर ओरडलो होतो, की या बाजारात येणाऱ्या माझ्या मायबहिणींसाठी मुतारी बांधल्याशिवाय मी स्वस्थ बसणार नाही. टाळ्या जोरात पडल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी एकीचंही मत आमच्या गावात नव्हतं, हे मला मतमोजणीच्या दिवशी कळलं.

मी म्हणालो, "आपा, मी पडलो ना."

"मालूम है. पडले तर पडले. बोलले तवा तर उभे होते ना?"

"अगं पण आता माझ्या हातात काय आहे? जे निवडून आले त्यांना विचार."

"निवडून आलेले कधी करतात का भाऊ? म्हणून तर तुमच्याकडं आले."

मी झेरॉक्सचं मशीन उगाच पुसायला घेतलं. 

आता या विषयावर लोक नाक मुरडतात, म्हणून मी मुद्दाम नीट सांगतो. पुरुषांचा प्रश्नच नाही. त्यांना भिंत दिसली की पुरते, आणि आमच्या गावात भिंती भरपूर आहेत. बाया पूर्वी नाल्याकडच्या बाभळीत जायच्या. तिथं प्लॉटिंग झालं, तारेचं कुंपण पडलं, बाभळी गेल्या. तेव्हापासून भाजीवाल्या, मसाल्यावाल्या, बांगड्यावाल्या सकाळी जीपमधून उतरतात त्या संध्याकाळी जीपमध्ये बसेपर्यंत घोटभर पाणी पीत नाहीत. ऊन आमच्या जिल्ह्याचं. आपाला डॉक्टरनं सांगितलं होतं, पाणी पीत जा, न्हाईतर किडनी जाईल. "पाणी पेलं तर बाजार सोडावा लागतो, अन् न्हाई पेलं तर जीव," ती म्हणाली. "मार्चपर्यंत वाट बघते भाऊ. मंग तुमचा बाजार मी सोडते."

मी ग्रामसेवकाकडं गेलो. संघपाल साहेब माणूस भला. त्यांच्याकडं आमचं आणि शेजारचं अशी दोन गावं आहेत, त्यामुळं ते कायम दुसऱ्या गावात असतात. दुसऱ्या गावचे लोकही हेच सांगतात. बाजाराच्या दिवशी मात्र भाजी घ्यायला येतात, तेव्हा त्यांना कोथिंबिरीच्या ढिगाशी गाठता येतं.

"मुतारी?" साहेब म्हणाले. "मंजूर आहे की! निधी आलेला आहे. कधीचा पडून आहे."

मला भोवळ यायची बाकी राहिली. "मग बांधत का नाही?"

"जागा नाही."

"एवढ्या मोठ्या गावात जागा नाही?"

"जागा भरपूर आहे. मुतारीला नाही. मार्चअखेर जागा ठरली नाही तर निधी वर परत जातो."

"वर म्हणजे कुठं?"

"वर म्हणजे वर," साहेबांनी कोथिंबिरीची जुडी आभाळाकडं दाखवली. मग म्हणाले, "तुम्ही एक करा. जागा दाखवा, फक्की मारा, फोटो काढा, अर्ज द्या. मी ठराव घेतो."

"अर्जावर पद काय लिहू? पराभूत उमेदवार?"

"असं पद नसतं. जागरूक नागरिक लिहा." आणि त्यांनी असा सुस्कारा सोडला, की जागरूक नागरिक हा काहीतरी साथीचा आजार असावा.

फक्की म्हणजे चुन्याची भुकटी. शाळेच्या मैदानावर कबड्डीच्या रेघा ओढतात ती. मी एक पोतं आणलं, पत्र्याच्या डब्याला भोकं पाडली आणि जागा शोधायला निघालो. पहिली जागा मला बसल्या ठिकाणीच दिसत होती. शिवाजीमामाच्या दुकानाच्या बाजूचा कोपरा. सरकारी, मोकळा, बाजाराला लागून. मामाचा तर पाठिंबाच होता. "झालीच पाहिजे मुतारी!" तो काउंटरवर हात आपटून म्हणाला. "आमच्याबी घरच्या बाया बाजारात येतात. लाज वाटाया पाह्यजे गावाला. बिलकुल झाली पाह्यजे!"

मी फक्की मारायला वाकलो तसा मामाचा आवाज बारीक झाला. "हितं?"

"हितं."

"बराबर," मामा म्हणाला, आणि आत गेला.

सकाळी दुकान उघडायला आलो तर माझ्या फक्कीच्या चौकटीच्या मधोमध शेंदूर फासलेला एक दगड. पुढं नारळ, उदबत्ती, चार फुलं. मामा हात जोडून उभा.

"मामा, हे काय?"

"स्वयंभू हाय."

"मामा, हा दगड काल तुमच्या दुकानाच्या दाराला लावलेला होता. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून."

"मंग? तवाबी स्वयंभूच व्हता. आपल्याला वळखू आला न्हाई." मामानं स्वतःच्या दोन्ही गालांत मारून घेतल्या. "इतके दिस देवाला दाराला लावला रे मी. पापी माणूस."

मी संघपाल साहेबांना फोन लावला. ते दुसऱ्या गावात होते. म्हणाले, "देव हलवायचा म्हणजे शांतता समितीची बैठक, पोलीस बंदोबस्त, वरून लेखी परवानगी. जागा निर्वेध पाहिजे. देवाची ना-हरकत कोण देणार?"

"आणि मुतारी हलवायची म्हणजे?"

"दुसरीकडं फक्की मारायची."

दुसरीकडं मारली. ग्रामपंचायतीच्या मागं. सकाळी तिथं बोर्ड उभा: 'नियोजित भव्य वाचनालय.' खाली तरुण मंडळाच्या पोरांचे फोटो, सगळे काळा चष्मा लावून. काळ्या चष्म्यातून ते कसं वाचणार होते ते त्यांनाच ठाऊक. मंडळाच्या अध्यक्षाला मी विचारलं, की बाबा, पहिलं पुस्तक कुठलं आणणार? तो म्हणाला, "आधी जागा, मंग पुस्तकं. काका, तुमी कायम निगेटिव्ह बोलता, म्हणून पडलात." तिसरीकडं, स्टँडजवळ, मारली. तिथं ओटा बांधून झेंड्याचा पाईप रोवला गेला. सिमेंट ओलं होतं. ज्या गावात अंगणवाडीची फरशी बसवायला गवंडी मिळत नाही, त्या गावात सूर्य उगवायच्या आत ओटा तयार! मी मनातल्या मनात त्या गवंड्याला नमस्कार केला. असा माणूस पंचायतीत पाहिजे होता.

घरी येऊन मी आदळआपट केली. गावाला शिव्या दिल्या, तालुक्याला दिल्या, लोकशाहीला दिल्या. आमच्या उषाबाई शेंगा फोडत बसल्या होत्या. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अहो, जुन्या आडाजवळ उकिरडा हाय ना, त्याच्यावर एकदा मारा की फक्की. लई घाण वास येऊन राह्यलाय."

"तिथं मुतारी कशी होईल? तिथं तर…"

"मी म्हणलं का मुतारी व्हईल म्हणून? तुमी मारा तर."

मारली. सकाळी उकिरडा गायब! जमीन झाडलेली, सडा घातलेला, मधी तुळशीवृंदावन, रांगोळीसुद्धा. आडाभोवतीच्या घरांनी मिळून ट्रॉली लावून वर्षानुवर्षांची घाण उचलली होती, कारण घाण चालते, मुतारी चालत नाही.

इथं माझं डोकं फिरलं. मी पडलेला उमेदवार. ना सही, ना शिक्का, ना खुर्ची. आणि माझ्या हातातल्या गंजक्या डब्याला सरपंचाच्या सहीपेक्षा जास्त वजन! मी सुटलोच. तुंबलेल्या नालीवर मारली, नाली वाहायला लागली. बोळ अडवून उभ्या असलेल्या मोडक्या ट्रॅक्टरभोवती मारली. ज्या मालकानं दोन सरपंचांना जुमानलं नव्हतं, त्यानं तो ट्रॅक्टर बैल लावून ओढून नेला. मी डबा घेऊन रस्त्यानं निघालो की लोक दारातून उठून उभे राहायचे. निवडून आलो असतो तरी राहिले नसते. बायका दुकानावर यायला लागल्या, "बद्रीभाऊ, आमच्या बोळात येऊन जा की एकदा. मारू नका, नुसते डबा घेऊन फिरा."

गाव चकाचक झालं. आणि एके दिवशी पेपरात फोटो आला. हातात नवा कोरा झाडू, अंगात पांढरेशुभ्र कपडे, मला पाडून निवडून आलेले आमचे रामप्रसादभाऊ. 'रामप्रसादभाऊंच्या नेतृत्वात गावाचा कायापालट.' झाडूच्या काड्यांना बांधलेली प्लास्टिकची पिशवीसुद्धा काढलेली नव्हती. मी गावाच्या ग्रुपवर लिहिलं, की आधी झाडूची पिशवी काढा, मग फोटो काढा. ॲडमिननं मला ग्रुपमधून काढलं.

त्याच संध्याकाळी रामप्रसादभाऊ स्वतः दुकानावर आले. निवडून आलेला माणूस जसा हसतो तसं हसले. "बद्रीशेठ, लई चांगलं काम करून राह्यले तुमी. असंच चालू ठेवा. विरोधक पाह्यजेच गावाला." जाताना खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "फक्त आमच्या गोडाऊनकडं येऊ नका बरं का."

मी फुगून गेलो होतो. खोटं का सांगू? मला वाटलं, हरलो ते बरंच झालं.

बाजाराच्या दिवशी आपा आली. स्टँडपासून माझ्या दुकानापर्यंत सगळं बघत आली. पाटी टेकवली, घाम पुसला आणि म्हणाली, "भाऊ, मी एक बाथरूम मागितली होती. तुम्ही तर गावभर देव बसवून ठेवले."

"अगं, पण गाव किती स्वच्छ झालं बघ!"

"ते तर दिसून राह्यलं. पहिले लईच जीवावर आलं तर उकिरड्याच्या आडोशाला तरी जात होतो आम्ही. तो बी ऱ्हायला न्हाई."

तिचे ओठ सुकून पांढरे पडले होते. मी पाण्याचा जग पुढं केला. तिनं त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. "हा बाजार अन् एखादा पुढचा," ती म्हणाली. "मंग परतूरला बसते. इथं बांगड्या भरायला येणाऱ्या पोरींना सांगा, आपा गेली म्हणून." पाटी उचलून ती निघून गेली आणि मी मघापर्यंत केवढा मोठा नेता होतो ते मला आठवेना.

मार्च निम्मा सरला होता. संघपाल साहेबांचा निरोप आला, की निधी परत करायचे कागद वर पाठवायची तयारी चालू आहे. मी घरी जाऊन गावाच्या नावानं पुन्हा सुरू केलं. भिकारडं गाव, ढोंगी गाव, सगळ्यांना मुतारी पाहिजे आणि कुणालाच दारात नको.

उषाबाई म्हणाल्या, "अन् आपल्या घराच्या बाजूची, बाजाराला लागून असलेली जागा?"

 मी एकदम बोलायलाच लागलो. ती जागा पुढं दुकान इकडं आणायला ठेवलेली आहे. आपली मोटारसायकल तिथं लागते. वारा त्याच बाजूनं येतो. शिवाय ईशान्य दिशा. मी आयुष्यात कधी वास्तुशास्त्र मानलं नाही, उलट मानणाऱ्यांची टिंगल केली, पण त्या दिवशी ईशान्य दिशा माझ्या तोंडातून अशी बाहेर पडली, जणू पिढ्यान् पिढ्या आम्ही तेच करत आलोत.

उषाबाईंनी सगळं ऐकलं. "म्हंजे तुमचाबी दगड तयारच हाय," त्या म्हणाल्या. "तुमच्यात अन् शिवाजीमामात फरक एवढाच, त्यांनी शेंदूर तरी लावला."

"हे बघ, तसं नाही…"

"अन् ती जागा माझ्या नावावर हाय. घेताना तुमीच म्हणले होते ना, बाईच्या नावावर केली की रजिस्ट्रीला खर्च कमी लागतो म्हणून? मंग आता बाईचं ऐका. मी देऊन राह्यले पंचायतीला. दार तेवढं बाजाराच्या बाजूनं पाह्यजे, आपल्या सैपाकघराकडं नको."

असा माझा दुसरा पराभव झाला, आणि या वेळी मतमोजणीचीही गरज पडली नाही. मी डबा काढला आणि स्वतःच्या घराला लागून फक्की मारली.  शेवटची रेघ वाकडी आली.

सकाळी दार उघडलं तर फक्कीच्या चौकटीत देव! यावेळी दगड मोठा होता, शेंदूर ताजा, वर चांदीचा वर्ख.  रामप्रसादचंच काम! मी ओरडत रस्त्यावर आलो, गल्ली गोळा झाली. तेवढ्यात शिवाजीमामा पुढं आला. डोळ्यांत पाणी.

"बद्री, वरडू नको. मी ठिवलाय. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी?"

"आपल्या माणसाच्या दारात मुतारी व्हाया लागली, अन् आमी बघत ऱ्हावं? मत न्हाई दिलं ते येगळं. शेजार हाय का न्हाई आपला? आमी सगळ्यांनी मिळून ठरवलं. वर्ख म्या माझ्या पदरचा लावला." मागं उभ्या असलेल्या लोकांनी माना हलवल्या. ज्या गल्लीनं मला मत दिलं नाही, त्या अख्ख्या गल्लीनं मला देव दिला होता.

आता यांना काय बोलणार? मला रागवताही येईना. मी दगडाकडं बघत उभा राहिलो. शांतता समिती, बंदोबस्त, लेखी परवानगी. संपलं. आपा परतूरला जाणार.

उषाबाई बाहेर आल्या. डोक्यावर पदर, हातात आरतीचं ताट. त्यांनी देवाला कुंकू लावलं, ओवाळलं, शेजारच्या दोघी-तिघींना हाका मारल्या, "या गं, हात लावा," आणि दगड उचलला.

"वहिनी!" शिवाजीमामा किंचाळला. "देव हलवू न्हाई!"

"हलवून कुठं राह्यले? घरात घेऊन राह्यले," उषाबाई म्हणाल्या. "देव आपल्या पायानं दारात आला मामा, अन् त्याला उन्हात उभा ठिवू? तुमच्याकडं पाव्हणा आला तर रस्त्यावर बसवता का? सरका."

मामाचं तोंड उघडं राहिलं. देवाला हलवायला बंदी आहे, देवाला घरात बोलवायला नाही, हा मुद्दा आजवर ना शांतता समितीला सुचला होता, ना संघपाल साहेबांना, ना मला. बायकांनी देव आत नेला, देवघराशेजारी पाटावर बसवला, सगळ्यांना गूळखोबरं वाटलं. बाहेर चुन्याची चौकट मोकळी झाली. मी खिशातून मोबाईल काढला आणि फोटो घेतला. पुरावा म्हणून शिवाजीमामाला मधी उभं केलं. गूळखोबरं तोंडात असल्यामुळं त्याला नाही म्हणता आलं नाही.

त्यानंतर जे झालं ते सरकारी वेगानं नाही, मार्चअखेरच्या वेगानं झालं. ठेका अर्थातच रामप्रसादभाऊंच्या साडूला गेला. भिंती उभ्या राहिल्या, दारं बसली, पाण्याची टाकी चढली. भिंतीपेक्षा मोठा बोर्ड लागला. त्यावर रामप्रसादभाऊंचा फोटो, त्यांच्या नेत्याचा फोटो, नेत्याच्या नेत्याचा फोटो. खाली कोपऱ्यात, रंग संपत आल्यावर लिहितात तशा अक्षरांत, 'जागा: उषाबाई.' माझं नाव शोधायला मी चष्मा लावून दोनदा वाचला. नव्हतं.

उद्घाटन बाजाराच्या दिवशी ठेवलं. गर्दी आयती मिळते. मंडप, माईक, दाराला लाल फीत, ताटात कात्री. तालुक्याहून रामप्रसादभाऊंचे नेते, म्हणजे मोठे साहेब, यायचे होते. साहेब 'निघाले' होते. पुढारी निघाले म्हणजे अंघोळीला निघाले की गाडीत बसले, हे कुणालाच माहीत नसतं. मला मागच्या रांगेत खुर्ची दिली होती. ती शिवाजीमामानं घेतली, म्हणून मी उभा होतो. ऊन चढत गेलं. बाजारातल्या बाया सकाळपासून फितीच्या अलीकडं जमल्या होत्या.  एकमेकींकडं आणि दाराकडं बघणं चाललं होतं.

"किती टाइम?" आपानं मला विचारलं.

"साहेब निघालेत."

"कवाचे निघालेत?"

मी रस्त्याकडं बघितलं. आपानं बांगड्यांची पाटी माझ्या हातात दिली, साडीचा पदर खोचला, फितीखालून वाकून आत गेली आणि कडी लावली. तिच्या मागून दुसरी भाजीवाली गेली. दुसरी कडी वाजली. मग फितीसमोर सरळ रांगच लागली.

आणि तेवढ्यात धुरळा उडवत साहेबांची गाडी आली. हार, तुरे, फटाके. रामप्रसादभाऊंनी कात्री साहेबांच्या हातात दिली. फोटोवाला पुढं धावला. साहेब हसतमुखानं फितीपाशी गेले, कात्री उघडली आणि दार ढकलून बघितलं. दार उघडेना. रामप्रसादभाऊंनी ढकललं. मग, अर्ज तर माझाच होता म्हणून, मीही पाटी सांभाळत पुढं झालो आणि दारावर टकटक केली.

आतून आवाज आला, "कौन है रे? आदमी लोगां को शरम है का न्हाई? हटो पिछे!"

माईक चालू होता. आवाज अख्ख्या बाजारात गेला. निवडणुकीनंतर पहिल्यांदाच आमच्या गावात सत्ताधारी, विरोधक आणि तालुका एकाच दिशेनं, एकाच वेळी, मान खाली घालून मागं सरकले.

"आणखी मागं," उषाबाई म्हणाल्या.